शितावरून भाताची परीक्षा

फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाचा फुटबॉल संघ २०२३च्या हंगामात १३ सामने खेळला आणि तेराच्या तेरा जिंकला. ३ डिसेंबरच्या रविवारी निवड समितीनं राष्ट्रीय विजेतेपदासाठी खेळणारे चार संघ जाहीर केले, त्यात त्याचं नाव नव्हतं. चौथी जागा अलाबामाच्या संघाला गेली. अलाबामा त्या हंगामात एक सामना हरलेला होता.

चार आठवड्यांनी, ३० डिसेंबरला, हाच फ्लोरिडा स्टेटचा संघ ऑरेंज बोल नावाच्या सामन्यात जॉर्जियाकडून ६३–३ असा हरला. अशा सामन्यांच्या इतिहासात एवढ्या फरकानं तोवर कुणी हरलेलं नव्हतं. जानेवारीत सुट्टीवरून परतल्यावर आमच्या प्रयोगशाळेत जेवणाच्या टेबलावर कुणीतरी म्हणालं, "झालं ना सिद्ध? समितीचं बरोबरच होतं." आमच्यातला एक जण फ्लोरिडा स्टेटचा माजी विद्यार्थी. डब्यातला पास्ता ढवळत तो म्हणाला, "ज्यांनी तेरा सामने जिंकले, त्यातले कितीतरी त्या दिवशी मैदानावर नव्हतेच." आणि विषय तिथंच संपला.

माझ्या डोक्यातून मात्र तो गेला नाही. तुम्ही अमेरिकेत राहत असाल आणि मुलं कॉलेजात असतील, तर या वादाचे तुकडे तुमच्या कानावर आले असतील. तुम्ही दुबईत किंवा लंडनमध्ये असाल, तर हा खेळ समजत नाही म्हणून वाचन थांबवू नका. मलाही तो पुरता समजत नाही, आणि समजण्याची गरजही नाही. प्रश्न तुमच्या-माझ्या रोजच्या ओळखीचा आहे. एखाद्याची पारख तो ज्या गटातला आहे त्या गटाच्या लौकिकावरून करावी का? करायची, तर कुठवर?

आधी व्यवस्था सांगते. जाणकारांनी पुढचे दोन परिच्छेद सोडून द्यावेत. वरच्या श्रेणीत १३०हून अधिक विद्यापीठांचे संघ आहेत आणि नियमित हंगामात प्रत्येकाच्या वाट्याला येतात १२ सामने. म्हणजे बहुतेक संघ एकमेकांसमोर कधी उभेच राहत नाहीत. या संघांचे गट असतात, त्यांना म्हणतात कॉन्फरन्स. (आम्हा संशोधकांना या शब्दानं गळ्यातला बिल्ला आणि गार सँडविच आठवतं, पण ते असो.) आग्नेयेकडची एसईसी, मिडवेस्टमध्ये जन्मलेली बिग टेन, अटलांटिक किनाऱ्याकडची एसीसी, मधल्या राज्यांतली बिग ट्वेल्व्ह, आणि २०२३पर्यंत जोरात असलेली पश्चिमेकडची पॅक-१२. नावातल्या आकड्यांवर जाऊ नका. बिग टेनमध्ये २०२३ साली १४ संघ होते आणि आता १८ आहेत. बारापैकी आठ-नऊ सामने आपल्याच कॉन्फरन्समध्ये होतात. घरातल्या घरात कुणीतरी जिंकतं, कुणीतरी हरतं, आणि त्यातून हे घर शेजारच्या घरापेक्षा बलवान आहे की नाही हे कळायला मार्ग उरत नाही.

तो मार्ग म्हणजे बोल सामने, असं मानलं जातं. बोल म्हणजे वाडगा. पॅसाडीनाच्या वाडग्यासारख्या मैदानावरून हे नाव रूढ झालं. पण तिथली स्पर्धा मैदानाहून जुनी आहे. पहिला सामना १९०२ साली झाला. मिशिगननं स्टॅनफर्डला ४९–० असं हरवलं, वेळ शिल्लक असतानाच स्टॅनफर्डनं हात टेकले, आणि आयोजकांनी फुटबॉलचा नाद थेट १९१६पर्यंत सोडून दिला. मधल्या काळात त्यांनी रथांच्या शर्यतीसुद्धा भरवल्या. आता डिसेंबर-जानेवारीत असे चाळीसच्या आसपास सामने होतात आणि बारापैकी सहा जिंकलेल्या संघालाही आमंत्रण मिळू शकतं. इथे वेगवेगळ्या कॉन्फरन्सचे संघ समोरासमोर येतात, म्हणून दर जानेवारीत तक्ते निघतात: एसईसीचे इतके विजय, बिग टेनचे इतके. ईएसपीएन वाहिनीनं सर्वांत चांगल्या टक्केवारीच्या कॉन्फरन्ससाठी एक चषकही ठेवला होता. मौज अशी, की तो माउंटन वेस्टसारख्या लहान समजल्या जाणाऱ्या कॉन्फरन्सनं एकाहून अधिक वेळा पटकावला. तरी तिला मोठं कुणी म्हटलं नाही.

आपल्याकडे यासाठी तयार वाक्प्रचार आहे: शितावरून भाताची परीक्षा. माझी आजी झाकण काढून पळीनं एक शीत उचलायची, दोन बोटांत दाबायची आणि गॅस बंद करायची. तिचा अंदाज चुकल्याचं मला आठवत नाही. पण तो का चुकत नसे, याचा विचार करा. सगळा तांदूळ एका पोत्यातला, एका पातेल्यातला, एकाच पाण्यात आणि एकाच आचेवर. शिवाय शीत मधून उचललेलं, कडेचं नव्हे. या सगळ्या अटी पाळल्या गेल्या म्हणून एक शीत भाताच्या वतीनं बोलू शकायचं.

कॉन्फरन्स हे एक पातेलं नव्हे. ती फार तर एका स्वयंपाकघरातल्या चौदा चुली आहेत. काही गोष्टी सामाईक असतात हे खरं: टीव्हीचा पैसा, भोवतालच्या राज्यांतले गुणी खेळाडू, एकमेकांकडून पळवलेले प्रशिक्षक. २००६ ते २०१२ अशी सलग सात वर्षं राष्ट्रीय विजेता एसईसीचा होता, हा योगायोग म्हणून झटकून टाकता येणार नाही. पण ती सात विजेतेपदं चार संघांनी मिळवली: फ्लोरिडा, एलएसयू, अलाबामा आणि ऑबर्न. त्याच काळात त्याच कॉन्फरन्समध्ये केंटकी आणि व्हँडरबिल्टही होते. त्यांच्या चुलीवर काय शिजत होतं, ते अलाबामाच्या शितावरून कसं कळणार?

आणि शितं उचलली कशी जातात तेही पाहा. बऱ्याच बोल सामन्यांत या कॉन्फरन्सचा चौथा आणि त्या कॉन्फरन्सचा चौथा अशा जोड्या साधारण आधीच ठरलेल्या असतात. एखाद्या कॉन्फरन्सचे दोन संघ विजेतेपदाच्या फेरीत गेले की खालचे सगळे एकेक पायरी वर सरकतात आणि प्रत्येकाला आपल्याहून सरस संघाशी खेळावं लागतं. म्हणजे कॉन्फरन्सला मोठा मान मिळाला की तक्त्यातली तिची टक्केवारी घसरायला मदतच होते! शिवाय तोपर्यंत कुणाचा प्रशिक्षक दुसरीकडे गेलेला असतो, कुणी खेळाडू विद्यापीठ बदलत असतो. २०१६च्या पहिल्या दिवशी नोत्र दामच्या जेलन स्मिथचा गुडघा अशाच एका बोल सामन्यात निकामी झाला, आणि व्यावसायिक संघांच्या निवडीत पहिल्या फेरीत जाऊ शकणारा हा मुलगा दुसऱ्या फेरीत घसरला. त्याच वर्षाच्या अखेरीस लिओनार्ड फोर्नेट आणि ख्रिश्चन मॅकॅफ्री या दोघांनी आपापल्या संघाच्या बोल सामन्यात खेळायला नकार दिला. तेव्हा गहजब झाला. आता कुणी भुवईही उंचावत नाही. बोल सामन्यात उतरणारा संघ हा नोव्हेंबरमधला संघ असेलच असं नाही.

थोडं गणित करू. समजा दोन कॉन्फरन्स अगदी तुल्यबळ आहेत आणि प्रत्येक सामना म्हणजे छापा-काटा. नऊपैकी सहा किंवा त्याहून जास्त सामने जिंकण्याची शक्यता निव्वळ नाणेफेकीतही सुमारे २५ टक्के असते. म्हणजे '६–३नं आम्ही श्रेष्ठ' असं म्हणणाऱ्याच्या हातात फारसं काही नसतं. बरं, टोकाचा निकाल घ्या. २०१७च्या हंगामाअखेर पॅक-१२चे नऊ संघ बोल सामने खेळले आणि आठ हरले. फार टर उडाली. नाणेफेकीत नऊपैकी आठ किंवा नऊ हरण्याची शक्यता सुमारे २ टक्के, म्हणजे अगदीच दुर्मीळ. पण मोठ्या कॉन्फरन्स पाच, आणि दहा हंगाम मोजले तर नोंदी ५०. प्रत्येकी नऊ सामने धरले, तर ५० नोंदींत असा एखादा दारुण निकाल नुसत्या नशिबानंही अपेक्षितच आहे. पॅक-१२ तेव्हा दुबळी नव्हती असं माझं म्हणणं नाही. ती दुबळी होती की नाही, हे त्या तक्त्याला विचारून कळणार नाही, एवढंच.

इथवर हा आकडेवारीचा प्रश्न आहे, आणि माझं पोट त्याच धंद्यावर चालत असल्यामुळे मी इथेच रमले असते. पण आकडे कमी पडतात ही तक्रार नैतिक नव्हे. मला खटकतं ते याच्या पुढचं आहे.

२ जानेवारी २००९. शुगर बोलमध्ये माउंटन वेस्टच्या युटानं एसईसीच्या अलाबामाला ३१–१७ असं हरवलं. पहिल्या पंधरा मिनिटांतच युटाची आघाडी २१–० होती. त्या हंगामात युटा १३ पैकी १३ सामने जिंकला आणि तरीही विजेतेपद एक सामना हरलेल्या फ्लोरिडाला मिळालं, कारण अंतिम सामन्यातले दोन संघ आधीच निवडले गेले होते. युटाच्या त्या विजयाचा अर्थ काय लावला गेला? अलाबामा अंतिम फेरी हुकल्यामुळे खट्टू होता, त्याचं मन लागलं नव्हतं. १ जानेवारी २०१८ला पीच बोलमध्ये सेंट्रल फ्लोरिडानं ऑबर्नला ३४–२७ असं हरवलं आणि हंगाम अपराजित संपवला. समितीनं या संघाला बारावं स्थान दिलेलं होतं. त्याच ऑबर्ननं नोव्हेंबरात जॉर्जिया आणि अलाबामा या दोघांनाही धूळ चारली होती, आणि तेच दोघे नंतर अंतिम सामना खेळले. पुन्हा तेच: ऑबर्नचं मन लागलं नव्हतं.

आता ऑरेंज बोलकडे परत या. तेरा सामने जिंकूनही दार बंद झालं. दुखापती, व्यावसायिक खेळाची तयारी, विद्यापीठ बदलणं, अशा कारणांनी फ्लोरिडा स्टेटचे वीसहून जास्त खेळाडू त्या दिवशी खेळले नाहीत. जे खेळले ते ६३–३नं हरले. इथे 'मन लागलं नव्हतं' ही सबब का चालू नये? मोठ्या घरातला हरला तर त्याचा मूड नव्हता. लहान घरातला हरला तर त्याची लायकी कळली. पुरावा एकाच बाजूनं मोजला जात असेल, तर तो कितीही साठवला तरी त्याचं वजन वाढत नाही. आणि या ६३–३मध्ये आणखी एक गोम आहे. संघ फुटला तो समितीच्या निर्णयानंतर, बऱ्याच अंशी त्या निर्णयामुळे. निर्णयानं स्वतःच्या पोटी पुरावा जन्माला घातला आणि मग त्याच पुराव्याच्या खांद्यावर हात टाकून तो म्हणाला, बघा, मी बरोबर होतो. पुढच्या हंगामात फ्लोरिडा स्टेटनं बारापैकी फक्त दोन सामने जिंकले. तेव्हाही लोक म्हणाले, बघा. २०२४ साली वेगळ्या मुलांनी खेळलेल्या सामन्यांनी २०२३च्या मुलांचा न्याय झाला.

समितीची बाजूही मांडायला हवी. तिच्या १३ सदस्यांसमोरचं काम सोपं नव्हतं. फ्लोरिडा स्टेटचा क्वार्टरबॅक जॉर्डन ट्रॅव्हिस १८ नोव्हेंबरला जायबंदी झाला होता, आणि महत्त्वाचा खेळाडू नसणं विचारात घ्यायला समितीचे नियम परवानगी देतात. अलाबामानं सलग २९ सामने जिंकलेल्या जॉर्जियाला २७–२४ असं हरवलं होतं. आणि मुद्द्याचं म्हणजे, 'तेरापैकी तेरा' हे वाक्य अपुरंच आहे. तेरा कुणाविरुद्ध? तुमच्या मुलाला गणितात ९५ पडले हे ऐकल्यावर तुम्हीही आधी विचारता, पेपर कुणी काढला होता. प्रतिस्पर्ध्याची किंमत कळल्याशिवाय विजयाची किंमत कळत नाही, आणि प्रतिस्पर्ध्याची किंमत तो कोणत्या कॉन्फरन्समध्ये, कुणाकुणाशी खेळला यावरून ठरते. गट मागच्या दारानं परत येतोच.

ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ एल. जोनाथन कोहेन यांनी १९७७च्या एका पुस्तकात एक कोडं घातलं होतं. रोडिओचा खेळ बघायला १००० लोक बसले आहेत. तिकिटं विकली गेलीत ४९९, बाकीचे कुंपणावरून उड्या मारून आलेत. तिकिटं दिल्याची कुठे खूण नाही. आता यातला कुठलाही एक माणूस धरा. तो फुकट्या असण्याची शक्यता अर्ध्याहून किंचित जास्त आहे. दिवाणी दाव्यात एवढं पारडं झुकलं तरी पुरतं. मग त्याच्याकडून पैसे वसूल करावेत का? जवळजवळ सगळेच म्हणतात, नाही. का नाही, याचं उत्तर देताना मात्र सगळेच अडखळतात. मला पटतं ते उत्तर असं: त्या आकड्यात हा माणूस कुठेच नाही. त्यानं काय केलं याच्याशी ५०१चा काही संबंध नाही. तो तिकीट काढून आला असता तरी त्याच्याविरुद्धचा पुरावा हाच, इतकाच राहिला असता. स्वतःच्या वागण्यानं जो पुरावा बदलता येत नाही, त्यावर कुणाला दोषी ठरवणं यात त्याचा अपमान आहे.

तुम्ही म्हणाल, ते न्यायालय झालं. समितीला तर कुणाला तरी चौथी जागा द्यायचीच होती. मान्य. म्हणून मी गटाचा पुरावा सरसकट फेकून देत नाही. जिथे माणसाचं स्वतःचं खातं कोरं आहे, तिथे गटाकडे पाहण्यावाचून इलाज नाही. पण खात्यात नोंदी असतील तर गटानं अंग चोरून बसावं. फ्लोरिडा स्टेटच्या खात्यात नोंदी होत्या. हंगामाच्या पहिल्याच सामन्यात त्यानं एलएसयूला ४५–२४ असं हरवलं. ट्रॅव्हिस जायबंदी झाल्यावर राखीव क्वार्टरबॅकच्या जोरावर फ्लोरिडाला त्यांच्याच मैदानावर २४–१५ असं हरवलं. हे दोन्ही संघ एसईसीचे. मग तिसऱ्या क्रमांकाच्या, पहिल्याच वर्षाच्या पोराला क्वार्टरबॅक करून लुईव्हिलला १६–६ असं हरवलं आणि एसीसीचं विजेतेपद घेतलं. तो सामना बघायला कंटाळवाणा होता, हे मी ऐकून आहे. कंटाळवाणा विजय हा विजयच असतो.

आणि 'सर्वोत्तम कोण' व 'पात्र कोण' हे दोन प्रश्न वेगळे आहेत. पहिला पैजेचा आहे: उद्या कोण जिंकेल? दुसरा देण्याघेण्याचा: काल कुणी काय केलं आणि त्याचं आपण काय देणं लागतो? बोल सामना पहिल्या प्रश्नाचं थोडंफार उत्तर देतो. आपण ते उत्तर दुसऱ्या प्रश्नाखाली चिकटवतो. २०२२च्या हंगामातला टीसीयूचा संघ घ्या. ३१ डिसेंबरला त्यानं अपराजित मिशिगनला ५१–४५ असं हरवलं आणि ९ जानेवारीला अंतिम सामन्यात जॉर्जियाकडून ६५–७ असा मार खाल्ला. दुसऱ्या दिवशी लोक म्हणाले, या संघाची इथवर यायची लायकीच नव्हती. अहो, मग मिशिगनचं काय करायचं? नऊ दिवसांपूर्वीचा विजय ६५–७नं पुसला जातो का? समजा फ्लोरिडा स्टेटला चौथी जागा मिळाली असती आणि मिशिगननं त्याला ४० गुणांनी हरवलं असतं. तरी जागा त्याची होती, असं मी म्हणेन.

२०२४पासून चारऐवजी १२ संघ घेतात. वाद मिटेल अशी आशा होती. पहिल्याच वर्षी एसीसीच्या एसएमयूला जागा मिळाली, तीन सामने हरलेला अलाबामा बाहेर राहिला, एसएमयू पेन स्टेटकडून ३८–१० हरला आणि तीच आरती पुन्हा सुरू झाली. दहा दिवसांनी अलाबामा आपला बोल सामना मिशिगनकडून १९–१३ हरला. त्याचं काय झालं ते तुम्ही ओळखलंच असेल. मन लागलं नव्हतं.

एक गंमत राहिलीच. एसईसीचा कुठलाही संघ जिंकला की प्रेक्षक स्वतःच्या विद्यापीठाच्या नावाऐवजी 'एस-ई-सी, एस-ई-सी' असा घोष करतात. वर्षभर ज्याला पाण्यात पाहिलं त्या शेजाऱ्याच्या विजयावर जानेवारीत मालकी सांगायची. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ साली कॉलेज फुटबॉलवरच एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. संघ जिंकल्यानंतरच्या सोमवारी विद्यार्थी विद्यापीठाच्या नावाचे कपडे जास्त घालून येतात, आणि विजयाबद्दल बोलताना 'आम्ही' तर पराभवाबद्दल बोलताना 'ते' असं म्हणतात. हसू नका. भारतीय नावाचा माणूस मोठ्या कंपनीचा प्रमुख झाला की आपल्या मंडळाच्या व्हॉट्सॅपवर 'आपला' होतो, आणि तसल्याच नावाच्या माणसाला घोटाळ्यात अटक झाली की तो नेमका कुठल्या राज्यातला, याची चौकशी सुरू होते. आपला नाही ना, एवढं पक्कं करून घ्यायचं असतं.

मी हे सगळं समितीवर का काढते आहे, ते आता सांगते. त्या हिवाळ्यात आमच्या गटाकडे उन्हाळी प्रशिक्षणासाठी १४० अर्ज आले होते. जागा तीन. पहिली चाळणी लावायचं काम माझ्याकडे. एका संध्याकाळी मी ते उरकलं. अर्ज वाचून नव्हे, संस्थेचं नाव असलेल्या रकान्यावरून. नामांकित संस्था वर, ऐकलेल्या संस्था मध्ये, न ऐकलेल्या खाली. खालच्यांचं निवेदन मी उघडलंच नाही. त्या खालच्या ढिगात महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या कॉलेजातला अर्ज होता. न ऐकलेल्यात मी तो चुकून टाकला नाही. उलट अशा कॉलेजांची मला फार चांगली माहिती आहे, कारण मी अशाच एका कॉलेजातून बीएस्सी झाले आहे. प्रॅक्टिकलचं जर्नल मागच्या वर्षीच्या मुलीकडून घेऊन उतरवायचं, परीक्षेच्या आदल्या आठवड्यात सूक्ष्मदर्शकावरची धूळ पुसायची. गटाची आकडेवारी मला आतून पाठ होती. ती खरीही होती. माझं स्वतःचं काय, हे त्या रकान्यात मात्र कुणाला दिसलं नसतं. पुढे एका मोठ्या संस्थेत कुणीतरी माझा अर्ज शेवटपर्यंत वाचला म्हणून मी इथे आहे. आज माझे दोन लेख ज्या नियतकालिकांत आले आहेत, त्यांच्या नावावरूनच ते न वाचता चांगले ठरतात, आणि याबद्दल मी कधी कुणाकडे तक्रार केलेली नाही.

निवडलेली तिन्ही मुलं हुशार निघाली. अर्थातच. माझी चाळणी बरोबर ठरली. ती दरवर्षी बरोबरच ठरणार, कारण खाली पडलेल्यांचं काय झालं हे मला कधी दिसणारच नाही. फ्लोरिडा स्टेटला निदान एक ऑरेंज बोल मिळाला. या मुलांना हरायलासुद्धा मैदान मिळत नाही.

पुढच्या वर्षी मी संस्थेचा रकाना लपवून अर्ज वाचायला बसले. दीड तासात तो पुन्हा उघडला. १०पैकी ९.१ म्हणजे किती, हे संस्था कळल्याशिवाय समजेना. शिफारसपत्रातल्या 'असामान्य' या शब्दाचं वजन, तो कुणी लिहिला हे पाहिल्याशिवाय लागेना. गट मागच्या दारानं परत आला तो असा. आता मी पहिलं वाचन रकाना झाकून करते, दुसरं उघडून. दुसऱ्या वाचनात जी नावं खाली घसरतात, ती वेगळ्या कागदावर लिहून ठेवते आणि त्या प्रत्येकाशी वीस मिनिटं फोनवर बोलते. यंदा त्या कागदावर सात नावं आहेत. दोघांशी उद्या सकाळी बोलायचं ठरलं आहे, तिकडे संध्याकाळ असेल तेव्हा.